पुसण्याआधी बघा : जेवल्यावर ओकणारं मांजर आणि पोटातले केस

घरात मांजर असेल तर एक आवाज गाढ झोपेतही ओळखू येतो. पहाटे कधीतरी कपाटामागून लयीत उक्-उक्-उक् सुरू होतं, आपण उठून दिवा लावेपर्यंत सगळं उरकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते सतरंजीवरच उरकलेलं असतं. आपण जुना कागद घेतो, तोंड फिरवून पुसून टाकतो आणि म्हणतो, ‘केस अडकले असतील.’

ठकीच्या बाबतीत मी हे वाक्य पाच महिने म्हणत राहिले. ठकी आमची १३ वर्षांची काळीपांढरी गावठी भाटी. जेवली की दहा-पंधरा मिनिटांत ओकायची आणि लगेच पुन्हा खायला मागायची. भूक चांगली म्हणजे तब्येत चांगली, असं मी धरून चालले. पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागायला लागले तेव्हा कुठे वजन केलं. ४.२ किलोची ठकी ३.१ वर आली होती. रक्त तपासल्यावर थायरॉईड वाढलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या, उलट्या थांबल्या, ती पुढे दोन वर्षं मजेत जगली. पण त्या पाच महिन्यांत तिने काय ओकलंय याकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर त्यात केस नाहीतच हे पहिल्या आठवड्यात कळलं असतं. तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे: आधी बघायचं, मग पुसायचं.

ओकतंय, अन्न परत येतंय, की खोकतंय?

या तीन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात, पण तिघींची कारणं वेगळी असतात.

खरी उलटी आधी चाहूल देते. मांजर ओठ चाटतं, पुन्हा पुन्हा आवंढा गिळतं, लाळ गाळतं, जागा बदलत राहतं. मग पोट आत-बाहेर जोरात हलतं आणि अर्धवट पचलेलं अन्न किंवा पिवळं पाणी बाहेर येतं.

अन्न नुसतं परत येतं तेव्हा असा काही जोर लागत नाही. मांजर मान खाली घालतं आणि जेवण जसंच्या तसं, अख्ख्या दाण्यांसकट, लांबट आकारात जमिनीवर येतं. ते पोटापर्यंत गेलेलंच नसतं, अन्ननलिकेतूनच माघारी फिरलेलं असतं. घाईघाईने गिळल्यावर क्वचित असं झालं तर समजू शकतं. पण वारंवार व्हायला लागलं तर अन्ननलिकेतच दोष असू शकतो, आणि तो घरी सुटणारा नाही.

तिसरा खोकला, आणि सगळ्यांत जास्त फसवतो तो हाच. मांजर जमिनीलगत दबून बसतं, मान पुढे ताणतं, खस-खस करतं, शेवटी काहीतरी गिळल्यासारखं करतं आणि उठून जातं. बाहेर काहीच पडत नाही. घरचे म्हणतात, गोळा निघत नाहीये बिचाऱ्याचा. मांजरांनाही दमा होतो आणि तो नेमका असाच दिसतो. कित्येक मांजरांना अशा वेळी महिनोन्‌महिने केसांची पेस्ट चाटवली जाते. दोन-तीनदा असं झालं आणि एकदाही गोळा पडला नाही, तर छाती तपासून घ्या.

फरक ओळखता येत नसेल तर मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या टेबलावर मांजर हमखास गप्प बसतं. डॉक्टरांना आपल्या वर्णनापेक्षा त्या व्हिडिओतून जास्त कळतं.

ओकलेलं वाचायचं कसं

अख्खे, फुगलेले दाणे आणि जेवून जेमतेम दहा मिनिटं झालेली: घाईने खाल्लंय. पहाटे पिवळं पाणी: पोट बराच वेळ रिकामं राहून पित्त वर आलंय. जेवून आठ-दहा तास झाले तरी अन्न तसंच बाहेर पडतंय: पोट पुढे ढकलतच नाहीये, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. शिजलेल्या शेवयांसारखं काही वेटोळं घालून पडलं असेल, कधी वळवळतही असेल, तर ते जंत. पिल्लांमध्ये हे फार आढळतं. लाल रेघ किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट कण म्हणजे रक्त. शौचासारखा वास म्हणजे आतडं तुंबल्याची शक्यता.

आणि केसांचा गोळा? नाव गोळा असलं तरी तो बहुधा गोल नसतो. अन्ननलिकेतून पिळून निघाल्यामुळे बोटासारखा लांबट, ओलसर, तपकिरी दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो शौच वाटतो. काडीने उकलून पाहा, केस नमद्यासारखे एकमेकांत घट्ट बसलेले दिसतील. उलटीत चार-सहा केस सुटे सापडले म्हणून त्याला गोळा म्हणू नका. मांजर रोज स्वतःला चाटतं, त्यामुळे त्याच्या पोटात थोडे केस असणारच.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकटीत लिहून ठेवा: वेळ, जेवणानंतर किती मिनिटांनी, काय पडलं. दोन शब्द पुरेत. महिन्याच्या शेवटी ‘अधूनमधून ओकतं’ याचा आकडा किती, ते समोर येतं. सहसा तो आपल्या अंदाजापेक्षा मोठा असतो.

त्याच्याच जोडीला आठवड्याला एकदा वजन. मांजराला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत ढोबळ आहे. प्रवासी बॅगा मोजायचा आकड्याचा काटा आणि एक मजबूत कापडी पिशवी असेल तर शंभर ग्रॅमचा फरकही कळतो. ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम घटणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ६ किलो घटणं. केसाळ मांजराच्या अंगावरून ते दिसत नाही, काट्यावरच दिसतं.

घाईने खाणाऱ्याला सावकाश कसं जेववायचं

मांजराचं शरीर उंदराएवढ्या घासांसाठी घडलेलं आहे. एका उंदरातून साधारण ३० कॅलरी मिळतात आणि ४ किलोच्या, घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला २०० ते २३० कॅलरी लागतात. म्हणजे दिवसभरात सात-आठ वेळा थोडंथोडं. आपण मात्र सकाळ-संध्याकाळ वाडगा भरून ठेवतो. त्यात शेजारी दुसरं मांजर असेल तर तो वाडगा दोन मिनिटांत रिकामा होतो, पोटात गेलेले कोरडे दाणे पाणी पिऊन फुगतात आणि सगळं उलटून येतं.

पहिलं काम, मोजा. बहुतेक ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात (पाकिटावर आकडा छापलेला असतो), त्या हिशेबाने दिवसाला ५० ते ६५ ग्रॅम झाले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून बघा. ‘एक वाटी’ हे माप घरातल्या प्रत्येकाच्या हाताने बदलतं.

दुसरं, तेवढ्याचेच चार-पाच भाग करा. शेवटचा भाग आपण झोपायला जाताना द्या. पहाटेचं पिवळं पाणी फक्त रिकाम्या पोटामुळे असेल तर बहुतेक वेळा एवढ्यानेच थांबतं.

तिसरं, आप्पेपात्र काढा. बाजारात मांजर हळू खावं म्हणून खाचांचे वाडगे मिळतात, पण आप्पेपात्राच्या खळग्यांत दहा-दहा दाणे टाकले की काम तेच होतं. एका खळग्यातून दुसऱ्याकडे जाताना आपोआप वेग कमी होतो. वेट फूड असेल तर इडलीच्या ताटलीवर पातळ पसरा. चपट्या नाकाच्या पर्शियनला मात्र खोलगट भांडं नको. त्याला खळग्यातलं उचलताच येत नाही, उगाच चिडतं. त्याच्यासाठी पसरट ताटलीच बरी.

चौथं, पंगत मोडा. दोन मांजरांना दोन खोल्यांत जेवायला घाला, एकमेकांना दिसणार नाहीत असं. ज्याला हुसकावलं जातं तेच सगळ्यांत घाईने खातं, आणि हे हुसकावणं नुसत्या नजरेनेही चालतं, आपल्या लक्षातही येत नाही.

अन्न परत येणाऱ्या काही मांजरांना वाडगा पाटावर ठेवून थोडा उंच केला की फरक पडतो. करून बघायला काही खर्च नाही.

एवढं दोन आठवडे नेमाने करा. कारण घाई हेच असेल तर कॅलेंडरवरच्या नोंदी सरळसरळ कमी होतील. झाल्या नाहीत तर घाईला दोष देणं तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा.

ताटातल्या इतर गोष्टींबद्दलही थोडं बोलायला हवं. मांजर डोळे मिटून दूध पितं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात, पोट गुरगुरतं, कधी उलटी होते. दोन आठवडे दूध पूर्ण बंद करून बघा. कालवणातली मासळी धुऊन दिली तरी कांदा-लसणाचा रस त्यात उतरलेला असतो आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. सुक्या बोंबलात मीठ फार. द्यायचंच तर बिनमिठाचं, हाडं-काटे काढलेलं उकडलेलं चिकन किंवा मासा द्या, तोही वरखाऊ म्हणून.

खाण्याचा ब्रँड बदलायचा असेल तर ७ ते १० दिवस लावा. आधी चतुर्थांश नवं, मग अर्धं-अर्धं, मग तीन हिस्से नवं. पावसाळ्यात दाणे सादळतात, त्यांना बुरशी येते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवा. मे महिन्यात वेट फूड अर्ध्या तासापेक्षा जास्त उघडं ठेवू नका.

आता केस

मांजराच्या जिभेवरचा खरखरीतपणा म्हणजे नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे, बारीक आकडे. ते सगळे घशाच्या दिशेने वळलेले असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की या आकड्यांची टोकं पोकळ असतात आणि त्या पोकळीतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते. मांजर चाटून इतकं स्वच्छ राहतं ते यामुळे. पण जिभेला अडकलेला सुटा केस थुंकायची सोय या रचनेत नाही, तो गिळावाच लागतो. केसही केराटिनचाच, त्यामुळे पचत नाही. बहुतेक केस शौचावाटे निघून जातात. जे पोटात रेंगाळतात त्यांचा नमदा होतो.

आखूड केसांच्या धडधाकट मांजराने दोन-तीन महिन्यांत एखादा गोळा टाकला, लगेच जेवलं, खेळायला लागलं, तर काळजीचं कारण नाही. लांब केसांचं मांजर थोडं जास्त वेळा टाकेल. पण दर आठवड्याला गोळा पडणं पर्शियनमध्येही साधं समजू नये. त्याचा अर्थ दोनपैकी एक: मांजर प्रमाणाबाहेर केस गिळतंय, किंवा त्याचं पोट-आतडं नीट हलत नाहीये.

केस जास्त का गिळतंय? पहिला संशय पिसवांवर. ओला पांढरा कागद जमिनीवर पसरा आणि मांजर त्यावर उभं करून फणीने विंचरा. पडलेले काळे कण कागदावर विरघळून तांबूस झाले तर ती पिसवांची घाण, म्हणजे पचलेलं रक्त. औषध मांजरांसाठीचंच, डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं वापरा. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांच्या काही औषधांत पर्मेथ्रीन असतं आणि ते मांजराचा जीव घेऊ शकतं. पिसवा नसतील तर पोटावर, मांड्यांच्या आत केस विरळ झालेत का पाहा. त्वचेची ॲलर्जी, दुखणं किंवा घरातला ताण (नवीन पाळीव प्राणी, बिऱ्हाड बदलणं, रंगकाम) यामुळे मांजर एकाच जागी चाटत सुटतं.

विंचरणं हा यातला सगळ्यांत खात्रीचा उपाय. ब्रशने काढलेला प्रत्येक केस पोटात जायचा वाचतो. आखूड केसांना आठवड्यातून दोनदा, लांब केसांना रोज. मांजर पेंगुळलेलं असताना सुरुवात करा, आधी गाल आणि हनुवटी, जिथे त्याला आवडतं तिथे. पहिले काही दिवस दोन मिनिटांवर जाऊ नका, शेपटी आपटायला लागलं की थांबा. केसांच्या दिशेने रबरी ब्रश, मग लांब केस असतील तर धातूची फणी, शेवटी ओला हात अंगावरून फिरवून सुटे केस टिपून घ्या. हा शेवटचा हात फार उपयोगी, बरेच जण तो विसरतात. काखेत किंवा कानांमागे गाठी झाल्या असतील तर कात्री चालवू नका. मांजराची कातडी पातळ असते आणि गाठीबरोबर वर ओढली जाते, नकळत कापली जाते. तिथे ट्रिमरच हवा, आणि सराईत माणसाचा.

पोटातले केस पुढे सरकावेत म्हणून तंतू आणि पाणी लागतं. उकडलेल्या लाल भोपळ्याचा बिनमिठाचा गर अर्धा ते एक छोटा चमचा वेट फूडमध्ये कालवा. इसबगोल द्यायचं तर पाव छोटा चमचा, भरपूर पाण्यात फुगवून, आणि साखर-चव घातलेलं नको. कोरडं इसबगोल उलट घशात अडकतं. पिण्याचं पाणी जेवणाच्या वाडग्यापासून दूर, दोन-तीन ठिकाणी ठेवा. फक्त कोरडे दाणे खाणाऱ्या मांजराचं एखादं जेवण वेट फूडचं केलं तरी शौच मऊ व्हायला मदत होते.

गवत खाणं मांजरांना साहजिक आहे. नवरात्रात घट बसवणाऱ्यांना सांगायला नको, उगवलेले हिरवे कोंब सगळ्यांत आधी मांजरालाच दिसतात. तसेच गहू पसरट कुंडीत वर्षभर पेरत राहा. फवारणी केलेल्या झाडांपेक्षा हे कितीतरी सुरक्षित. गवत खाऊन कधी ओकलं तर त्याची नोंद वेगळी करा.

दुकानात मिळणारी केसांची पेस्ट वंगणासारखं काम करते, पाकिटावरच्या मात्रेत आणि डॉक्टरांना विचारून दिली तर ठीक. तूप, खोबरेल, लोणी यांचा तसा उपयोग नाही. ते पोटात पचून जातात, वंगण म्हणून केसांपर्यंत पोचतच नाहीत, आणि जास्त झाले तर पोट बिघडवतात. आणि सिरिंजने तोंडात तेल किंवा लिक्विड पॅराफिन सोडणं कधीही नको. त्याला चव नसते, मांजराला ठसका लागत नाही आणि ते गुपचूप फुप्फुसात उतरतं. त्यातून होणारा न्यूमोनिया केसांच्या गोळ्यापेक्षा शंभरपट वाईट.

दोरा, फूल आणि फडताळातली औषधं

आपल्या घरांत मांजराच्या पोटात जाण्याजोगा दोरा सगळीकडे असतो: सुकलेल्या गजऱ्याचा, राखीचा, शिवणकामाचा, संक्रांतीच्या मांज्याचा. केसांचे रबर आणि दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा हेही त्याच यादीतले. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटाच्या तोंडाशी अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकतं, आणि पायजम्यात नाडी ओढल्यावर जशा चुण्या पडतात तशा आतड्याला पडतात. ताणलेला दोरा मग आतडं आतून कापत जातो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका, कापूही नका. तसंच उचलून डॉक्टरांकडे न्या.

पुष्पगुच्छातली लिली मांजरांसाठी जीवघेणी आहे. पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणी, सगळंच. सुरुवात साध्या उलटीने होते आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. चाटल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता त्याच तासाला निघा. मनी प्लांट चावल्याने तोंडाची आग, लाळ आणि उलटी होते. फिनेल टाकून पुसलेल्या फरशीवरून चाललेलं मांजर पाय चाटतं, ते विष त्याच्या पोटात जातं. माणसांची पॅरासिटामॉल तर तुकडाभरही देऊ नका. ती पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. विष गेल्याची शंका आली म्हणून मीठपाणी पाजून ओकवू नका, वेष्टण बरोबर घ्या आणि निघा.

कधी थांबायचं, कधी निघायचं

त्याच दिवशी, रात्र असली तरी निघा: दिवसात तीन-चारदा उलटी, पाणीही टिकत नाही, रक्त, पोट फुगलेलं किंवा हात लावू देत नाही, तोंड उघडून श्वास, नुसते कोरडे उमासे पण बाहेर काहीच नाही, हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा चिकट. बोका लिटर ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, थेंबही येत नाही आणि ओकतोय, तर मूत्रमार्ग तुंबलाय, तिथे तासांचा हिशेब असतो. लस न झालेलं पिल्लू ओकून मलूल पडलं तर तेही तातडीचं, कारण पॅनल्युकोपेनिया हा विषाणूचा आजार पिल्लांना झपाट्याने नेतो.

या आठवड्यात दाखवा: महिन्यात दोनपेक्षा जास्त वेळा ओकणं, वजन घटणं, भूक अचानक वाढणं किंवा मंदावणं, खूप पाणी पिणं. वय १० च्या वर असेल तर थायरॉईड, मूत्रपिंडं, मधुमेह यांसाठी रक्ततपासणी आपणहून मागा. पुढची पायरी म्हणून डॉक्टर एक्स-रे किंवा सोनोग्राफी सांगतील. आतड्याचा जुनाट दाह आणि लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग), दोन्ही वरून ‘केसांसारखेच’ दिसतात. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर मुंबईत परळ, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा. जाताना कॅलेंडरचं पान, व्हिडिओ आणि जमलं तर ओकलेल्याचा फोटो न्या.

एकदाच ओकलं, पण एरवी हुशार आहे, तर मोठ्या मांजराला चार-सहा तास खायला देऊ नका, पाणी मात्र थोडंथोडं समोर असू द्या. नंतर उकडलेल्या साध्या चिकनचे तीन-चार तुकडे. टिकले तर दोन तासांनी पुन्हा तेवढेच, आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीचं खाणं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला मात्र उपाशी ठेवायचं नाही, थेट डॉक्टरांना फोन करायचा. मोठं मांजरही २४ तास काहीच खात नसेल तर आणखी वाट बघू नका, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते, आणि मूळ उलटी थांबली तरी तो आजार वेगळा निस्तरावा लागतो.